समुद्रातील अदृश्य विषे आणि आपले आरोग्य

मासळी ताजी असावी आणि ती नीट शिजवलेली असावी, हे दोन नियम किनारपट्टीवरील प्रत्येक घरात लहानपणापासून शिकवले जातात. कल्ला लाल आहे की काळवंडलेला, डोळा फुगीर आहे की खोल गेलेला, बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर येते की नाही, शिंपला टिचकी मारताच मिटतो की उघडाच राहतो, ह्या परीक्षा आमच्या माताभगिनी बाजारात क्षणार्धात करतात आणि त्या बहुधा अचूक ठरतात. नासक्या मासळीतून होणारे कितीतरी आजार ह्या परीक्षांनी पिढ्यान्‌पिढ्या टाळले आहेत. त्यांचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. तथापि समुद्रात अशीही काही विषे आहेत, जी नुकत्याच पकडलेल्या, तडफडणाऱ्या मासळीतही असू शकतात. त्यांना रंग नाही, वास नाही, चव नाही. आणि चुलीवर कितीही वेळ उकळले तरी ती नष्ट होत नाहीत. ह्या विषांपुढे स्वयंपाकघरातील दोन्ही नियम निरुपयोगी ठरतात. त्यांचा बंदोबस्त मासळी घरात येण्यापूर्वीच व्हावा लागतो. तो कसा होतो आणि न झाल्यास काय घडते, ह्याची माहिती वाचकांना द्यावी, ह्या उद्देशाने प्रस्तुत लेख लिहिला आहे. मासळी हे किनारपट्टीच्या लोकांचे रोजचे अन्न आहे आणि ते उत्तम अन्न आहे. तेव्हा वाचकांनी भयभीत होऊन ती खाणे सोडावे, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही.

विष येते कोठून?

सर्वसाधारण समजूत अशी की विषारी मासा जन्मतःच विषारी असतो. प्रत्यक्षात बहुतेक सागरी विषे माशाची किंवा शिंपल्याची स्वतःची नसतात. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे अगणित एकपेशीय जीव तरंगत असतात. त्यांना प्लवक म्हणतात. त्यांतील वनस्पतीसदृश जीव, म्हणजे सूक्ष्म शैवाल, सूर्यप्रकाशावर आपले अन्न तयार करतात आणि समुद्रातील जवळजवळ सारी जीवसृष्टी त्यांच्यावर पोसली जाते. ह्या सूक्ष्म शैवालांच्या हजारो जाती आहेत. त्यांपैकी मोजक्याच जाती विष तयार करतात. पाण्याचे तापमान, नद्यांतून वाहून आलेली पोषकद्रव्ये, वाऱ्यांची दिशा असे अनेक योग जुळून आले की एखाद्या जातीची झपाट्याने वाढ होते. ती जात विषारी असली की संकट ओढवते.

शिंपलेवर्गीय जीव, म्हणजे तिसऱ्या, खुबे, कालवे, शिनाणे, हे पाणी गाळून जगतात. एक शिनाणा तासाला काही लिटर पाणी आपल्या शरीरातून गाळतो आणि त्यातील प्लवक पोटात ठेवतो. विषारी शैवालही त्याच वाटेने आत जाते. शिनाण्याला त्याची फारशी बाधा होत नाही. तो टणक राहतो, टिचकीला मिटतो, चवीला गोड लागतो. मात्र त्याच्या मांसात विष साठत जाते. पाणी पुन्हा निर्मळ झाले की बहुतेक शिंपल्यांतून ते काही दिवसांत किंवा आठवड्यांत निघून जाते. काही जाती मात्र ते दीर्घकाळ धरून ठेवतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅक्सिडोमस नावाच्या शिंपल्यात ते दोन वर्षांपर्यंत राहिल्याचे आढळले आहे. सॅक्सिटॉक्सिन ह्या भयंकर विषाला नाव मिळाले ते ह्याच शिंपल्यावरून.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे आवश्यक वाटते. समुद्र लाल किंवा हिरवा दिसला म्हणजे त्यात विष आहेच, आणि निळा दिसला म्हणजे तो निर्धोक आहे, असे मानणे चुकीचे आहे. आपल्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत रात्रीच्या वेळी लाटा निळसर चमकताना दिसतात. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर असे दृश्य पाहण्यास लोकांनी गर्दी केली होती. ही चमक नॉक्टिल्युका नावाच्या जीवाची असते. तिच्या अतिवाढीने पाण्यातील प्राणवायू घटून मासे मरू शकतात, परंतु ह्या लेखातील विषे ती निर्माण करीत नाही. उलटपक्षी, लिटरभर पाण्यात काही हजार विषारी पेशी असल्या तरी पाण्याचा रंग पालटत नाही आणि तेवढ्यानेही शिंपल्यात धोकादायक प्रमाणात विष साठू शकते.

प्रिन्स एडवर्ड आयलंड, १९८७

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर प्रिन्स एडवर्ड आयलंड नावाचा लहानसा प्रांत आहे. तेथील खाड्यांत दोरांना लटकवून निळसर काळ्या शिनाण्यांची शेती केली जाते आणि ते शिनाणे मॉन्ट्रियलसारख्या मोठ्या शहरांत पाठवले जातात. १९८७ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस कॅनडातील डॉक्टरांकडे काही चमत्कारिक रुग्ण येऊ लागले. शिनाणे खाल्ल्यावर चोवीस तासांच्या आत त्यांना उलट्या, पोटात कळा, जुलाब सुरू झाले होते. इथवर सारे अन्नविषबाधेसारखेच होते. परंतु त्यांपैकी काहींचे डोके असह्य दुखू लागले, काहींना झटके आले, काही बेशुद्ध झाले. आणि जे शुद्धीवर होते, त्यांपैकी कित्येकांना आपण काल काय केले, आज सकाळी कोण भेटून गेले, हे सांगता येईना.

एकंदर १०७ जण ह्या आजाराच्या व्याख्येत बसले. १९ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, १२ जणांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले आणि तीन वृद्ध रुग्ण दगावले. तरुण रुग्णांचा आजार बहुतांशी पोटापुरता राहिला. स्मृती हरवली ती मुख्यतः वृद्धांची आणि मूत्रपिंडाचा किंवा अन्य जुना विकार असलेल्यांची. पुढे अशा गंभीर रुग्णांपैकी चौदा जणांची कसून तपासणी करण्यात आली. त्यांची बुद्धी शाबूत होती, भाषा शाबूत होती, विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ त्यांना कळत होता. मात्र नवे काही लक्षात ठेवण्याची शक्ती उणावली होती. मृतांच्या मेंदूचे परीक्षण केले असता, नव्या आठवणी जेथे घडतात तो हिप्पोकॅम्पस नावाचा भाग नष्ट झाल्याचे दिसून आले. एक जेवण आणि त्यानंतर कायमचे विस्मरण, असा हा प्रकार होता. वैद्यकशास्त्राला तो सर्वस्वी नवा होता.

शिनाणे पाठवणाऱ्यांनी निष्काळजीपणा केला होता, असे म्हणता येत नाही. माल ताजा होता. जंतूंची चाचणी निर्दोष होती. शिनाण्यांचा अर्क उंदरांना टोचून लकव्याचे विष शोधण्याची जुनी पद्धत तेथे रुळलेली होती. ती वापरल्यावर उंदीर मेले खरे, परंतु लकव्याने नव्हे. मरण्यापूर्वी ते मागच्या पायाने आपला खांदा सारखा खाजवीत होते. हे लक्षण कोणाच्याच ओळखीचे नव्हते. डिसेंबरच्या मध्यास हॅलिफॅक्स येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेने हे काम हाती घेतले. शास्त्रज्ञांनी शिनाण्यांच्या अर्काचे एकेक अंश वेगळे करीत, प्रत्येक अंश उंदरांवर तपासत, विष कोणत्या अंशात आहे ह्याचा माग काढला. अवघ्या चार-पाच दिवसांच्या अहोरात्र श्रमांनंतर उत्तर हाती आले. ते द्रव्य होते डोमोइक आम्ल.

हे नाव ऐकून जपानी रसायनशास्त्रज्ञांना नवल वाटले असावे. दक्षिण जपानमधील बेटांवर ‘दोमोई’ नावाचे तांबडे समुद्रशैवाल लहान मुलांच्या पोटातील जंत पाडण्यासाठी औषध म्हणून दिले जात असे आणि त्यातूनच १९५८ मध्ये हे आम्ल प्रथम वेगळे काढण्यात आले होते. औषधाच्या मात्रेत त्याचे प्रमाण सुमारे वीस मिलिग्रॅम. कॅनडातील रुग्णांच्या पोटात एका जेवणात ६० ते २९० मिलिग्रॅम गेले असावे, असा हिशेब निघाला. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी ग्लुटामेट नावाचे द्रव्य वापरतात. डोमोइक आम्लाची घडण त्याच्यासारखीच असते, परंतु त्याचा जोर कितीतरी अधिक. त्यामुळे पेशी अतिउत्तेजित होऊन अखेर मरतात.

सर्वांत मोठे आश्चर्य पुढेच होते. तोवर सागरी विषे तयार करणारे सूक्ष्म शैवाल म्हणजे डायनोफ्लॅजेलेट ह्या गटातील जीव, असेच शास्त्रज्ञ धरून चालले होते. डायटम हा दुसरा मोठा गट निरुपद्रवी मानला जाई. शिनाण्यांच्या पोटात आणि कार्डिगन नदीच्या खाडीत सापडले ते मात्र डायटमच होते. सुईसारखे लांबट, एकमेकांना टोकाशी चिकटून साखळी करणारे. त्याचे आजचे नाव स्यूडो-निट्झ्शिया. पहारा होता, परंतु तो भलत्याच चोरावर डोळा ठेवून होता.

ह्यानंतर कॅनडाने किलोभर मांसात २० मिलिग्रॅम डोमोइक आम्ल ही कमाल मर्यादा ठरवली. पुढे इतर अनेक देशांनीही तीच स्वीकारली. शिंपल्यांच्या शेतांतून नियमित नमुने घेऊन ते मर्यादेवर गेले की ते क्षेत्र बंद करण्याची पद्धत सुरू झाली. जिज्ञासूंसाठी आणखी एक गोष्ट. १९६१ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील कॅपिटोला गावी हजारो समुद्रपक्षी रात्री वेड्यासारखे घरांवर आदळून मेले होते. त्या बातमीत चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक ह्यांनी रस घेतला आणि १९६३ मध्ये त्यांचा ‘द बर्ड्स’ हा चित्रपट आला. त्या काळी जतन केलेले प्लवकांचे नमुने पुढे तपासण्यात आले आणि त्यांतही हेच विषारी डायटम मोठ्या प्रमाणात असल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

लकवा आणणारे विष

त्याच वर्षी, म्हणजे १९८७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, ग्वाटेमालाच्या प्रशांत किनाऱ्यावरील चाम्पेरिको येथे गरीब वस्तीतील लोकांनी लहान शिंपल्यांचे सूप करून खाल्ले. १८७ जण आजारी पडले आणि २६ मरण पावले. सहा वर्षांपर्यंतच्या बाधित मुलांपैकी निम्मी दगावली. प्रौढांत हे प्रमाण शंभरात सात होते. कॅनडात तीन, येथे सव्वीस. विष निराळे होते हे खरे, तरी नमुने घेणारे कोणी नसणे आणि श्वासयंत्राचे रुग्णालय दूर असणे, ह्यांचाही हिस्सा त्या आकड्यात आहे, असे आम्हांस वाटते.

चाम्पेरिकोचे विष हे सॅक्सिटॉक्सिन. मज्जातंतूंतून निरोप जाण्यासाठी सोडियमचे कण आत शिरण्याची जी सूक्ष्म द्वारे असतात, ती हे विष बंद करते. खाल्ल्यानंतर काही मिनिटांत किंवा दोन-तीन तासांत ओठ, जीभ आणि हिरड्या बधिर होतात, झिणझिण्या येतात. मग त्या चेहऱ्याकडे, मानेकडे, बोटांच्या टोकांकडे पसरतात. अंग हलके होऊन तरंगत असल्याचा भास होतो. बोलणे अडखळते, हातपाय लुळे पडतात आणि गंभीर बाधेत श्वासाचे स्नायू थांबतात. रोगी बहुधा अखेरपर्यंत शुद्धीवर असतो. ह्या विषावर उतारा नाही. मात्र श्वास कृत्रिम रीतीने चालू ठेवला आणि पहिले बारा ते चोवीस तास निभावले, तर शरीर विष बाहेर टाकते आणि रुग्ण सामान्यतः पूर्ण बरा होतो. म्हणजेच जीव वाचणे हे रुग्णालय किती जवळ आहे ह्यावर ठरते.

हे संकट प्राचीन आहे. जॉर्ज व्हँकुव्हर ह्या दर्यावर्दीच्या खलाशांनी १५ जून १७९३ रोजी आजच्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर सकाळच्या न्याहारीला शिनाणे भाजून खाल्ले. त्यांपैकी जॉन कार्टर हा दुपारपर्यंत मरण पावला. त्या खाडीला व्हँकुव्हरने ‘विषाची खाडी’ असे नाव दिले व ते आजही नकाशावर आहे.

आपल्या देशालाही हे विष अपरिचित नाही. १९८१ मध्ये तमिळनाडूत शिंपल्यांच्या बाधेने तिघांचा मृत्यू झाला. १९८३ मध्ये मंगळूर परिसरात अशीच घटना घडली. सर्वांत मोठा आघात झाला तो सप्टेंबर १९९७ मध्ये केरळातील विळिंजम येथे. आज ह्या गावाचे नाव मोठ्या बंदरामुळे सर्वतोमुखी झाले असले, तरी मूळचे ते तिरुवनंतपुरमच्या दक्षिणेचे मच्छीमारांचे गाव. पाण्यात बुडी मारून खडकांवरील तपकिरी शिनाणे खरवडून आणणे हा तेथील जुना व्यवसाय. त्या सप्टेंबरात हेच शिनाणे खाऊन सुमारे पाचशे लोकांना रुग्णालयात न्यावे लागले आणि सात जणांचा मृत्यू झाला. शिनाणे त्याच दिवशी काढलेले, घरच्याच माणसाने आणलेले. संशय घ्यावा असे त्यांत काहीच नव्हते.

शिंपल्यांतून येणारी इतर विषे येथे ओझरती नोंदवितो. ऑकाडेइक आम्लामुळे जुलाब-उलट्या होतात आणि रुग्ण दोन-तीन दिवसांत बरा होतो; १९७० च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी त्याचा छडा लावला. १९९५ मध्ये नेदरलँड्समध्ये अशीच लक्षणे दिसली, तेव्हा आयर्लंडहून आलेल्या शिनाण्यांत ॲझास्पिरॅसिड हे नवे विष सापडले. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील ब्रेव्हटॉक्सिन तर लाटांच्या तुषारांतून हवेत मिसळते आणि किनाऱ्यावर फिरणाऱ्या माणसालाही खोकला आणते.

माशांतील विषे

शिंपले सोडून माशांकडे वळू. प्रवाळ खडकांवर वाढणाऱ्या गॅम्बिएर्डिस्कस नावाच्या सूक्ष्म जीवाचे विष लहान मासे चरताना गिळतात, त्यांना मोठे मासे खातात आणि पायरीपायरीने ते हेकरू, तांबोशी, बॅराकुडा अशा मोठ्या शिकारी माशांत साठते. ह्या बाधेला सिग्वाटेरा म्हणतात. तिचे एक लक्षण विलक्षण आहे: थंड पाण्याचा स्पर्श होताच भाजल्यासारखी किंवा विजेचा झटका बसल्यासारखी वेदना होते. मृत्यू क्वचितच येतो, परंतु हातापायांची आग आणि थकवा आठवडे, कधी महिने टिकतो. प्रशांत महासागरातील आणि कॅरिबियन समुद्रातील बेटांवर हा आजार नेहमीचा. आपल्याकडे २०१६ मध्ये मंगळूर येथे तांबोशीच्या जातीच्या माशांची डोकी खाऊन अनेक लोक आजारी पडले, तेव्हा तज्ज्ञांनी सिग्वाटेराचाच संशय व्यक्त केला. माशाचे डोके, काळीज आणि आतडी ह्यांत हे विष मांसापेक्षा अधिक असते. चवीने डोके खाणाऱ्या आम्हां कोकणवासीयांनी, प्रवाळाच्या समुद्रातून आलेल्या फार मोठ्या माशांपुरते तरी, हे ध्यानात ठेवावे.

केंड मासा मालवणच्या मच्छीमारांना जाळी कुरतडणारा उपद्रवी म्हणून ठाऊक आहे. त्याच्या काळजात, अंडाशयात आणि अनेक जातींच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन असते. ते सॅक्सिटॉक्सिनप्रमाणेच मज्जातंतूंची द्वारे बंद करते. जपानात परवानाधारक आचारी हा मासा साफ करतात. तरीही १९७५ मध्ये काबुकी रंगभूमीचे ख्यातनाम नट बांदो मित्सुगोरो आठवे हे त्याचे काळीज आग्रहाने खाऊन मृत्यू पावले. चैनीपोटी मरणारे थोडे, भुकेपोटी मरणारे अधिक. २००८ च्या एप्रिल ते जून ह्या काळात बांगलादेशातील तीन जिल्ह्यांत स्वस्त मिळालेला केंड खाऊन १४१ जण बाधित झाले व १७ दगावले. केंड कोणत्याही रूपात खाऊ नये, सुकवूनही नाही. ह्याबाबत आमच्या मनात किंतु नाही.

बर्फाचा प्रश्न

आतापर्यंतच्या सर्व विषांपेक्षा आपल्या बाजारात अधिक वेळा भेटणारी बाधा निराळीच आहे आणि तिच्याबाबतीत ताजेपणाचा जुना नियम शंभर टक्के खरा ठरतो. बांगडा, कुपा, सुरमई, तारली अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन हे द्रव्य भरपूर असते. मासा मेल्यावर उन्हात किंवा गरम हवेत काही तास राहिला की जंतू त्याचे हिस्टामिनमध्ये रूपांतर करतात. मासा अद्याप कुजलेला दिसत नाही; वासही कदाचित ठीक असतो. एकदा हिस्टामिन झाले की नंतर बर्फात ठेवून, तळून, वाफवून, डबाबंद करून ते जात नाही.

खाल्ल्यानंतर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा व मान लालबुंद होते, अंगावर गांधी उठतात, डोके ठणकते, धडधड होते. काहींना तोंडात मिऱ्यासारखा तिखटपणा जाणवतो. पुष्कळदा ‘मला बांगड्याची ॲलर्जी आहे’ असे ठरवून माणूस जन्मभर बांगडा वर्ज्य करतो. वास्तविक दोष त्याच्या प्रकृतीचा नसून त्या एका माशाच्या साठवणीचा असतो. एकाच पातेल्यातील कालवण खाऊन घरातील तिघाचौघांना एकदम पुरळ उठले, तर ती ॲलर्जी नव्हे हे समजून चालावे. ॲलर्जीवरील साध्या गोळ्यांनी बहुधा काही तासांत आराम पडतो. दम्याच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी मात्र विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने किलोमागे २०० मिलिग्रॅम हिस्टामिन ही सुरक्षिततेची मर्यादा घातली आहे. ती पाळण्याचे साधन एकच: मासा पाण्याबाहेर येताच बर्फ आणि तेथून चुलीपर्यंत बर्फ. होडीवर बर्फ कमी नेला, बंदरावर लिलावात तासभर उन्हात टोपली राहिली, विक्रेतीच्या पाटीत वरच्या थराला बर्फ उरला नाही, की साखळी तुटते. ह्यात विक्रेत्या कोळीणबाईंना दोष देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. बर्फ विकत घ्यावा लागतो आणि बाजारात सावली देणे हे तिचे काम नव्हे, ते बाजार चालवणाऱ्यांचे आहे. ग्राहकाने दुपारी उशिरा स्वस्तात बांगडे घेण्यापूर्वी मात्र ते कशावर ठेवले आहेत, हे जरूर पाहावे. घरी नेताना पिशवी उन्हात तापू देऊ नये.

पहारा कोणाचा?

शिंपल्यांच्या विषाला बर्फ उपयोगी नाही, उकळणे नाही, आमसूल वा चिंचेची आंबटाई नाही, तिरफळ वा लसूणही नाही. सॅक्सिटॉक्सिन तर आंबट रशात अधिकच स्थिर राहते आणि मांसातून त्या रशात उतरते. म्हणून संशयित शिंपले टाकून नुसता रस्सा पिणे, हेही घातकच. चांदीचे नाणे काळे पडते का, माशी बसते का, मांजर खाते का, अशा परीक्षा निरनिराळ्या देशांच्या किनाऱ्यांवर प्रचलित आहेत; त्यांपैकी एकही विश्वसनीय नाही. ज्या महिन्यांच्या इंग्रजी नावात ‘र’ आहे त्याच महिन्यांत शिंपले खावेत, असा युरोपातील जुना संकेत आहे. वाचकांनी पडताळून पाहावे: प्रिन्स एडवर्ड आयलंडची घटना नोव्हेंबर-डिसेंबरातील, विळिंजमची सप्टेंबरातील.

म्हणून उरतो तो प्रयोगशाळेचा पहारा. शिंपल्यांच्या क्षेत्रांतून ठरावीक काळाने पाणी आणि मांस ह्यांचे नमुने घ्यावे लागतात आणि मर्यादा ओलांडताच ते क्षेत्र बंद करावे लागते. सॅक्सिटॉक्सिनसाठी युरोपात किलोमागे ८०० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. परदेशी जाणाऱ्या मालाला अशा कसोट्यांतून जावेच लागते, अन्यथा आयात करणारे देश तो परत पाठवतात. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून आमच्या भगिनी ज्या तिसऱ्या आणि कालवे गोळा करतात व संध्याकाळी वाटे मांडून विकतात, त्या टोपलीपर्यंत असा पहारा आलेला निदान आमच्या पाहण्यात नाही. हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ ही केंद्रीय संस्था उपग्रहाच्या साहाय्याने भारतीय समुद्रातील शैवालांच्या वाढीची माहिती देते. ती सेवा मोलाची आहे. परंतु उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो, मांसातील विष दिसत नाही. त्यासाठी कोणीतरी खाडीत उतरून शिंपले उचलून आणावेच लागतात.

बंदीचीही किंमत असते, हे येथे सांगितले पाहिजे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर डोमोइक आम्ल वाढल्यामुळे कॅलिफोर्नियातील खेकड्यांचा नोव्हेंबरात सुरू होणारा हंगाम लांबला. बऱ्याच भागांत तो मार्च २०१६ च्या अखेरीस उघडला. ग्राहक वाचले, परंतु ऐन नाताळात मच्छीमारांच्या होड्या बांधलेल्या राहिल्या. जानेवारी २०१७ मध्ये तेथील केंद्र सरकारने त्या हंगामाला मत्स्यव्यवसायावरील आपत्ती म्हणून मान्यता दिली, भरपाईचा मार्ग त्यानंतर खुला झाला. आपल्याकडे पहारा बसवताना त्या पहाऱ्याचा भार हातावर पोट असलेल्या टोपलीवालीने एकटीने वाहायचा का, ह्याचा विचार आधीच व्हायला हवा.

तोपर्यंत घरच्या पातळीवर करण्यासारखे थोडेसेच आहे. ज्या खाडीत मासे मेलेले दिसतात किंवा मत्स्यव्यवसाय खात्याने सूचना दिली आहे, तेथील शिंपले घेऊ नयेत. शिंपले खाल्ल्यावर ओठ वा जीभ बधिर झाल्यास झोपून बरे वाटण्याची वाट न पाहता श्वासयंत्राची सोय असलेले रुग्णालय तत्काळ गाठावे, आणि काय खाल्ले, केव्हा खाल्ले, आणखी कोणी खाल्ले, हे डॉक्टरांना सांगावे. ज्यांनी खाल्ले पण अद्याप त्रास नाही, त्यांना, विशेषतः मुलांना, नजरेआड होऊ देऊ नये. उरलेले कालवण आणि शिंपले टाकून न देता झाकून फ्रीजमध्ये ठेवावेत व आरोग्य अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावेत. कॅनडातील रुग्णांच्या पोटात किती डोमोइक आम्ल गेले, हा हिशेब मांडता आला तो काही रुग्णांनी खाऊन उरलेल्या शिनाण्यांमुळेच.